खेड्यात शेत, विहीर सगळं असूनही लोक घरचा भाजीपाला का लावत नाहीत? आळस हेच कारण का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पुण्यात सहाव्या मजल्यावर तुम्ही चार कुंड्यांत टमाटे घेता, आणि यवतमाळकडे मित्राच्या गावी गेलात तर दहा-बारा एकरवाल्याच्या घरी ताटात बाजारची पानकोबी होती. म्हणून आळस. ते घर आमचं नव्हतं, पण असू शकलं असतं. आमचीही शेती 12 एकर, आणि लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी दर आठवडी बाजारातून पिशवीभर भाजी आणली, तीही नागपूरहून गाडीनं आलेली. आळशी कोणाला म्हणता ते माहीत नाही, पण घरात भाजी लावणार कोण असा प्रश्न आला की बोट बाईकडेच जातं. म्हणून लिहिते.

ठरलेली कारणं आधी उरकते. वानरं एका सकाळी वेलाची सगळी दोडकी खाऊन जातात, अर्धी खातात आणि अर्धी नुसती तोडून फेकतात. शेतात रोही, म्हणजे नीलगाय, आणि डुकरं. पिकं निघाली की ढोरं मोकाट, कुपाटी कितीही घाला. मे महिन्यात पारा 45 च्या वर, गावात नळ चार दिवसाआड, शेतातली लाइन कधी दिवसा तर कधी रात्री. काळी जमीन पावसाळ्यात चिबडते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे सगळं खरं आहे. पण वानरं माझ्या आईच्या वेळेसही होती आणि ऊनही होतं, तरी ती भाजी विकत आणत नव्हती.

माझं माहेर वर्धेकडचं. पेरणीच्या दिवशी आईच्या ओच्यात तीन पुड्या असायच्या: अंबाडी, बरबटी, वाळूक. तुरीच्या तासात, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला ती चालता चालता बी टाकायची, कोणाला न विचारता. पुढे तिकडे बघायचीसुद्धा नाही. निंदणाला, म्हणजे तण काढायला, गेली की येताना ओच्यात चिवळ, घोळ, तरोटा, जे हाताला लागेल ते. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, त्यातल्या दोन-तीनच तिला विकत घ्याव्या लागत. आता बाजारात त्या सोळा भाज्या एकत्र चिरून पुडीत मिळतात. मीही तीच पुडी आणली आहे, खोटं कशाला सांगू.

म्हणजे पूर्वी आमच्याकडे भाजी "लावत" नसत, ती पऱ्हाटीतच, म्हणजे कापसातच, यायची. मग तणनाशकं आली. सोयाबीनमध्ये आधी आली, आणि नंतर ती चोरबीटी, जिच्यावर तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी उभी राहते आणि बाकी सगळं जळतं. मंजुरी नसलेलं बियाणं आहे, पण कोणत्याही गावात विचारा. निंदणाचे पैसे वाचतात आणि मजूर मिळत नाहीत, हेही खरंच. पण त्या "बाकी सगळ्यात" अंबाडी होती, बरबटी होती आणि चिवळही होती. शेतातून भाजी गेली ती अशी. कोणी ठरवून काढली नाही, म्हणून कोणाला गेलेली दिसलीही नाही.

आता आमच्या घरचं.

2013 च्या दिवाळीआधी मी विहिरीजवळ दोन गुंठे मागितले. 12 एकर म्हणजे 480 गुंठे, त्यातले दोन. मामंजी म्हणाले, बघू. नवरा म्हणाला, बाबा म्हणाले ना बघू. मी त्या "बघू"ला होकार धरला आणि वाफे पाडले. भेदरं म्हणजे टमाटे, वांगी, वालाचा मांडव, लसणाचे दोन वाफे, कडेनं सांभार, म्हणजे कोथिंबीर. डिसेंबरात भेदरं फुलावर आली आणि वालावर मावा दिसला. मी निंबोळ्या जमवून ठेवल्या होत्या. पाऊण किलो निंबोळीचा गर कुटून रात्रभर भिजत घातला, सकाळी फडक्यातून गाळला, 15 लिटरच्या पंपात भरला. पंप घरचाच, गोठ्यात खुंटीला असतो तो. दोनदा पाणी घालून खळबळून घेतला आणि सगळ्या वाफ्यांवर मारला.

तिसऱ्या दिवशी भेदरांच्या माना वळलेल्या. सुकलेल्या नाही, वळलेल्या: शेंडे खाली आणि देठ पिळलेले, जणू कोणी ओला कपडा पिळून ठेवला. आठवड्याभरात नवी पानं आली ती बारीक, दोरीसारखी, शिरा एकाशेजारी एक उभ्या. वालाचंही तेच झालं, वांग्यांचंही तेच.

आमचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, माझ्याशी थेट बोलत नसत. आमच्याकडे तशीच रीत. ते नवऱ्याला सांगायचे, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "सांग तिले, काढ्यानं भेदरं जाळले. भाजी काय बजारात भेटत नाही का?" मामंजी हसले. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, काही बोलल्या नाहीत. पुढचे पंधरा दिवस घरात कोणी काही करपवलं की "काढा झाला" असं म्हणायचे. दूध उतू गेलं तरी काढा.

मलाही वाटलं, माझंच चुकलं. पण लसूण! त्याच पंपातून तोच काढा लसणावर पडला होता आणि लसूण हिरवागार. निंबोळी भेदरं जाळते आणि लसूण सोडते, हे माझ्या डोक्यात बसेना.

मग एका दुपारी गव्हात भाकर द्यायला गेले. गव्हाला माझ्या काढ्याच्या थोडं आधीच टू फोर डी हे तणनाशक मारलं होतं, रुंद पानाच्या तणासाठी. गहू झकास उभा, आणि खाली चंदनबटव्याच्या माना वळलेल्या. तसेच पिळलेले देठ. मी तिथंच बसले. टू फोर डी गवताच्या जातीला, कांद्या-लसणाला सहसा काही करत नाही, रुंद पानालाच धरतं. आणि भेदरं, वाल, कापूस ही तर त्याला फारच हळवी, पंपात तळाला राहिलेलं चमचाभरसुद्धा पुरतं. ते साध्या पाण्यानं दोनदा खळबळून जात नाही. नळीत, वायसरात, नोझलमध्ये बसून राहतं. भासऱ्यांनी गहू फवारला, पंप खुंटीला टांगला, मी काढून वापरला.

सांगून कोणी ऐकलं नसतं. म्हणून डब्यातली दोन रोपं घेतली. एकाला नळाचं पाणी, आणि दुसऱ्याला तेच नळाचं पाणी, पण पंपात भरून मारलेलं. काढा नाही, काही नाही. पंपाच्या पाण्याचं रोप तिसऱ्या सकाळी पिळलं. दोन्ही डबे ओट्यावर आणून नवऱ्यासमोर ठेवले. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, "आता बाबांसमोर काढू नको हे." मामंजींना मीच दाखवलं. ते म्हणाले, चाळीस रुपयांच्या भेदरांसाठी घरात भांडण लावते का. भासरे म्हणाले, तेही नवऱ्यालाच, "व्हायरस असते भेदरावर. काहीतरी शिकून येते अन् आपल्याले शिकवते."

ही आहे तुमच्या प्रश्नातली अडचण. जागा होती, पाणी होतं, बी होतं, वेळ मी काढला होता. पंप माझा नव्हता, जमीन माझी नव्हती, आणि चूक मात्र माझी ठरली. कोणत्या बाईला असं एकदा झाल्यावर दुसऱ्या वर्षी वाफे पाडावेसे वाटतील? नाही पाडले तर तुम्ही म्हणणार आळस.

मामंजींचा राग मला जास्त आला, आणि का आला तेही सांगते. ते शेतकरी संघटनेचे जुने कार्यकर्ते, लाल बिल्ला अजून कपाटात आहे. 1986 ला चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला आत्याबाई ट्रकमध्ये बसून गेल्या होत्या, ही घरातली अभिमानाची गोष्ट. 1991 ला शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी सीताशेती, माजघर शेती असं सगळं मांडलं, तेव्हा मामंजी तिथं होते. सीताशेती म्हणजे बाईनं तिच्या तुकड्यावर, औषधं न मारता घरापुरतं पिकवायचं. हे मला मामंजींनीच समजावलं आहे, लग्नानंतर पहिल्याच वर्षी, चहा पिता पिता. आणि लक्ष्मीमुक्ती, म्हणजे नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावे जमीन करायची. त्यावर ते गावोगाव बोलले. आमचा सातबारा काढून बघा. आत्याबाईंचं नाव नाही.

आमच्याच तालुक्यात रावेरीला सीतेचं मंदिर आहे. लोक सांगतात, सीता लव-कुशांसाठी मूठभर गहू मागत गावात फिरली, कोणी दिला नाही, म्हणून तिनं शाप दिला आणि गावात गहू पिकेना. मंदिराचा जीर्णोद्धार जोशींनी केला. मामंजी दर्शनाला गेले होते, मला प्रसाद आणून दिला. मी तेव्हा काही बोलले नाही. आता इथं लिहिते आहे.

तर करायचं काय, हेही विचारलंय तुम्ही. पहिली गोष्ट, वेगळा पंप. 2014 साली बचत गटातून पैसे काढून मी घेतला, टाकीवर लाल ऑइलपेंटची पट्टी मारली, आणि तो स्वयंपाकघराच्या मागं असतो, गोठ्यात नाही. तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी भाजीला वापरू नका. जो म्हणतो "धुतला आहे", त्याच्याशी वाद घालू नका, डब्यात दोन रोपं लावून दाखवा. दुसरं, तणनाशक मारणार त्या दिवशी वारा कुठून आहे ते बघायला लावा, शेजारच्यालासुद्धा. तिसरं, उन्हाळ्याच्या मागं लागू नका. आमच्याकडे भाजी जुलै ते फेब्रुवारी, पुढे ज्याच्याकडे पाणी आणि हिरवी जाळी आहे त्यानं बघावं. मिरची, कारलं यांना वानर फारसं हात लावत नाही, वाल आणि भेदरं मात्र राखणीशिवाय नाहीत. मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू उत्तम येतात. बाकी खत, बी, अंतर हे तुम्हाला कोणीही सांगेल.

आणि घरातल्या पुरुषांसाठी: "बाजारात दहा रुपयाला मिळते" हे म्हणणं सोडा. मिळते, आणि कोणावर काय मारलेली असते ते कोणाला ठाऊक? 2017 ला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले. आमच्या गावातला एक जण त्या वर्षी चार दिवस दवाखान्यात होता, डोळ्यांपुढं अंधारी. तो घरी आला त्या संध्याकाळी नवरा मला म्हणाला, विहिरीजवळचे दोन गुंठे तुझे, आता तिथं कोणी काही मारणार नाही. चार वर्षं लागली. माझ्या दोन डब्यांनी जे झालं नाही ते त्या भीतीनं झालं, हे मला आजही फारसं आवडत नाही.

एक-दोन गोष्टी राहिल्या. मी जे लिहिलं ते आमच्या काळ्या जमिनीच्या, कापूस-सोयाबीनवाल्या गावांचं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारं, तिथं बाईला जमीन मिळाली तरी भाजीला देणार काय? भंडारा-गोंदियाकडे बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि तलाव आहेत, तिकडे परसात भाजी दिसते, त्यांना हे सगळं विचित्र वाटेल. आणि ज्याला जमीनच नाही, तो दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदून येतो आणि घरकुलासमोर त्याला खाट टाकायला जागा नाही, त्याला तर हा प्रश्न विचारूच नका. कदाचित तुम्ही गेलात त्या घरी वेगळंच काही कारण असेल, सून बाळंतीण असेल, कोण जाणे.

भासरे वाईट माणूस नाहीत, हेही लिहायला हवं. माझ्या बाळंतपणात रात्री बंडी जुंपून तेच निघाले होते.

परवा त्यांच्याकडे पाहुणे आले. संध्याकाळी ते स्वतः वाफ्यापाशी आले, आणि पहिल्यांदाच थेट मला म्हणाले, "सांभार हाय का?" मी जुडी उपटून, मुळांची माती झटकून दिली. ते दोन पावलं गेले, मग बोरीखाली बसलेल्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "सांग तिले, त्या वर्षी व्हायरसच होता."