स्विचवर मॅक फिल्टर लावलाय, तरी कुणीही घुसतंय

प्रश्न: आमच्या क्लासच्या लॅबमध्ये सिस्कोचा स्विच आहे. पोरं पीसीची केबल काढून स्वतःचा लॅपटॉप लावतात, म्हणून पोर्टवर (केबल लावायच्या खाचेवर) मॅक्झिमम १ (एकाच मॅकला, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डच्या पत्त्याला, परवानगी) आणि स्टिकी (दिसलेला पत्ता स्विचने लक्षात ठेवणं) दोन्ही टाकलं, पण लॅपटॉप बिनधास्त चालतोय. काय राहिलं?

उत्तर: बहुतेक मेन कमांडच राहिलीय हो. नुसतं 'स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी' एवढीच ओळ वेगळी द्यावी लागते, ती नसेल तर बाकीच्या सेटिंग नुसत्या कागदावर, आणि त्याआधी पोर्ट अ‍ॅक्सेस मोडला (पीसीसारखं साधं यंत्र जोडायचा मोड) हवा नाहीतर स्विच ती घेतच नाही. आता चालू करताना त्या पोर्टला लॅबचाच पीसी लावलेला असू दे, कारण स्टिकी पहिला जो दिसेल त्याचाच पत्ता धरून बसतं, मग पोराचा लॅपटॉप मालक आणि तुमचा पीसी बाहेर! नंतर कॉन्फिग (स्विचची सगळी सेटिंग) सेव्ह करा, नाहीतर लाईट गेली की सगळं पुन्हा शून्यापासून. डिफॉल्टला परका मॅक दिसला की पोर्ट एरर-डिसेबल होऊन बंदच पडतो आणि दरवेळी शट, नो शट (पोर्ट बंद करून पुन्हा चालू) करत बसावं लागतं, त्यापेक्षा व्हायोलेशन (नियम मोडल्यावर काय करायचं ती सेटिंग) रिस्ट्रिक्ट ठेवा, परक्याचा ट्रॅफिक अडतो, लॉगमध्येही दिसतं. बाकी मॅक बदलणं सॉफ्टवेअरने दोन मिनिटांचं काम आहे, हुशार पोरगं असेल तर ८०२.१एक्सच (नेटवर्कवर घेण्याआधी ओळख तपासणारी पद्धत) लागेल.