पंचाच्या साक्षीने काय फरक पडतो?

प्रश्न : २०२२ मध्ये पोलिसांनी मला एका खुनाच्या तपासात पंच म्हणून नेले. आरोपीने दाखवलेल्या, कळव्याजवळील खाडीकाठच्या जागेतून सुरा निघाला व मी पंचनाम्यावर सही केली. आता ठाणे सत्र न्यायालयाचे समन्स आले आहे. खटल्यात कौल देणारी सामान्य नागरिकांची ज्यूरी तर केव्हाच गेली, निकाल न्यायाधीशच देणार. मग माझ्या साक्षीने काय फरक पडतो? गेलो नाही तर चालेल का?
– एक दुकानदार, नौपाडा, ठाणे

उत्तर : न जाणे चालणार नाही; समन्स टाळल्यास न्यायालय वॉरंट काढू शकते. ज्यूरी नाही, हे मात्र खरे. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील १९५९ च्या खुनाच्या खटल्यात नऊपैकी आठ ज्यूरींनी आरोपीला निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, आणि उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायम केली. त्या खटल्यामुळेच ज्यूरी गेली असे अनेकजण मानतात. पण विधी आयोगाने ती बंद करण्याची शिफारस १९५८ मध्येच केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही.

तरीही तुमची साक्ष गौण आहे असे समजू नका. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यातील ज्या भागामुळे एखादी वस्तू सापडली, तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. आरोपी नेमके काय बोलला, त्याने स्वतः जागा दाखवली की पोलीस आधीच तेथे पोहोचले होते, सुरा तुमच्यासमोर सीलबंद झाला का, हे सांगू शकणारे पोलिसांखेरीज तुम्ही दोघे पंचच आहात. दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय ज्यावर उभा राहतो, त्या पुराव्यात सामान्य नागरिकाचा इतका थेट वाटा क्वचितच असतो, आणि म्हणूनच न वाचता सही करणारे पंच मला फार चिंताजनक वाटतात.

तुम्ही न वाचता सही केली असेल, तर शपथेवर तेही सांगा, मग त्याचा फायदा कोणालाही होवो. साक्षीपूर्वी सरकारी वकिलांना भेटून पंचनामा वाचायला मागा, परंतु तो पाठ करू नका. उलटतपासात आरोपीचे वकील वेळ, अंतर, उजेड असे बारीक प्रश्न विचारतील. इतक्या वर्षांनंतर काही आठवत नसेल, तर ‘आठवत नाही’ असे स्पष्ट सांगा, अंदाजाने उत्तर देऊ नका.