विसापर्यंत मोजून बघ

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सातवीला गटाने प्रकल्प दिला की दोघीच राबतात, बाकीचे चौघे वहीवर नाव घालून मोकळे. मग तू सहकार्यावर तासभर बोललीस, आणि फरक शून्य. पडणार नव्हताच गं. मुलांना त्यातलं सगळं पाठ असतं.

भाषणाऐवजी नाटकातले, आयत्या वेळी सुचेल ते करायचे खेळ घे. उद्या बाकं भिंतीला लाव. दहाबारा मुलं गोलात उभी कर आणि विसापर्यंत मोजायला सांग. एका वेळी एकानेच बोलायचं, कोण कधी ते ठरवायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. दोन आवाज एकदम आले की पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी सात-आठच्या पुढे गाडी जाणार नाही. मग कुणीतरी शहाणा हळूच भुवई उडवायला लागेल, नाहीतर सगळे गुपचूप गोलाच्या क्रमाने आकडे घेतील. तिथे तू "ए, चीटिंग!" म्हणून ओरडशील. मीही ओरडायचे. पण बघ, कुणी न शिकवता त्यांनी अडचणीवर तोड काढलेली असते. "हा रस्ता सापडला, छान. आता तो बंद. दुसरा शोधा," एवढंच म्हण. मग डोळे मिटून खेळायला लाव. घाईघाईने आकडा फेकणारे दोनचार वेळा सगळ्यांचा डाव घालवतात आणि आपोआप थांबायला लागतात. वर्षभर तोंड न उघडणारी एखादी मुलगी नेमकी ती शांतता पकडते. माझ्या एका तुकडीला वीस गाठायला तीन आठवडे लागले. त्या दिवशी शेजारच्या वर्गातून तक्रार आली, इतका आरडाओरडा झाला.

दुसरा खेळ, प्रत्येकाने एकेक शब्द घालून गोष्ट रचायची. हा आपल्या भाषेत खेळायला फार मजा येते. एकाने "काळी" म्हटलं की पुढच्याच्या मनातला बैल गेला. त्याला म्हैस तरी आणावी लागते, नाहीतर शेळी. वाक्य संपवणारा तर पुरता बांधलेला. "म्हातारी" आधीच येऊन बसली असेल तर त्याला "होती"च म्हणावं लागतं. मनातली गोष्ट सोडून हातात आलेली गोष्ट पुढे न्यायची, हे व्याकरणच शिकवून जातं. तुझे व्याकरणाचे दोन तासही त्यात वसूल होतील, वरिष्ठांना तसंच सांग.

"हो, आणि…" हा खेळ तुला ठाऊक असेल. एकजण म्हणतो, "चला, गडावर जाऊ." दुसरा, "हो, आणि डबे घेऊ." "पण" म्हणायचं नाही. फक्त त्याचं स्तोम माजवू नकोस. प्रकल्पात "पण" लागतोच. पूल कागदाचा असेल तर तो मोडेल हे कुणीतरी म्हणायला हवं. मी पहिली दहा मिनिटं "आणि"ची ठेवायचे, नंतर "पण"ला दार उघडायचे.

आता माझी चूक सांगते. सुरुवातीची दोन वर्षं मी वर्गातल्या विनोदी पोराला पुढे करत होते. तो काहीही बोलला की सगळे खिदळायचे, मला वाटायचं तास रंगला. प्रत्यक्षात तो एकटाच खेळत होता, बाकीचे तिकीट न काढलेले प्रेक्षक. टाळ्या बंद केल्या तेव्हा तो आठवडाभर रुसला, मग इतरांचं ऐकायला लागला.

अशा प्रकारचे खेळ हसवण्यासाठी जन्मलेच नव्हते. शिकागोत व्हायोला स्पोलिन नावाच्या बाई १९३९ च्या सुमारास वस्तीतल्या मुलांना नाटक शिकवत होत्या. त्यांत परदेशातून आलेल्या कुटुंबांची मुलं बरीच. लांबलचक सूचना देण्यापेक्षा त्यांनी प्रत्येक गोष्टीचा खेळ केला आणि प्रत्येक खेळात सोडवायला एक अडचण ठेवली. मुलं खेळत असताना बाजूने दोन शब्द टाकायचे, "एकमेकांकडे बघा," "वस्तू दिसू दे," आणि पुन्हा गप्प, ही त्यांची रीत. पुढे त्यांच्या मुलाने, पॉल सिल्सने, त्याच शहरात १९५९ साली सहकाऱ्यांबरोबर 'सेकंड सिटी' हे आयत्या वेळी रचलेल्या विनोदी प्रवेशांचं थिएटर सुरू केलं आणि या खेळांना विनोदाचं लेबल कायमचं चिकटलं.

एवढ्या लांब कशाला, तू कोकणातली. जत्रेतला दशावतार आठव. लिहिलेली संहिता नाही. आख्यान कोणतं, कोण कुठल्या सोंगात, एवढं ठरलं की संवाद रंगमंचावरच सुचायचे. समोरच्याने टाकलेला शब्द खाली पडू दिला तर राजाचीही पंचाईत. आणि पेटीवाल्याचे कान सगळ्यांच्या तोंडाकडे. शक्य झालं तर मुलांना एका रात्री तिथे ने, पण आधी काही समजावून सांगू नकोस.

खेळ संपल्यावर भाषण नको. "कुठे अडलं? मग काय केलंत?" हे दोन प्रश्न पुरेत. कुणी बोललं नाही तर नाही. आणि प्रकल्पाचे गट लगेच बदलू नकोस, महिनाभर त्याच सहा जणांना खेळू दे.

कितीपर्यंत पोचलात ते कळव. पंधराच्या आत असाल तर काळजी करू नकोस.

तुझ्या बाई