चवथीचे व्हिडिओ : कॅमेरा राहू दे, आधी पंखा बंद करा

गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, फोनवर काढलेले दोन तासांचे व्हिडिओ घरात कुणी उघडूनसुद्धा बघत नाही, म्हणून यंदा चार वर्षांच्या मुलीसाठी चांगला कॅमेरा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. फोन पुरतो. घोळ बहुतेक वेळा आवाजात असतो.

आमचं घर गोव्यात, फोंड्याकडे. काही वर्षांपूर्वी आई माझ्या मुलाला माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळांच्या चौकटीखाली, उभं करून एकेका फळाचं नाव सांगत होती. चित्र झकास आलंय, पण ऐकू येतो तो फक्त डोक्यावरचा पंखा आणि आतला मिक्सर. आई आता नाही. नारळ, सुपारीचा घोस, आंबाडे आम्हीही ओळखतो. बाकीच्या निम्म्या रानफळांची नावं घरात आता कुणाला येत नाहीत.

तेव्हा कुणी बोलणार असेल तर दोन मिनिटं पंखा बंद, आणि तुम्ही हातभर अंतरावर. लांबून झूम केलंत तर माणूस जवळ दिसेल, आवाज लांबचाच येईल. आणि स्वतः गप्प बसा. ‘बाळा, इकडे बघ, हाय कर’ म्हटलं की मूल जे करत होतं ते तिथंच संपतं. आरतीला मात्र उलट. घुमट (मातीचं चर्मवाद्य) आणि कांसाळ्यांच्या (मोठ्या झांजांच्या) शेजारी उभं राहिलात तर आवाज फाटतो; दाराबाहेर या, तिथून छान येतो.

उजेडाचं म्हणाल तर जुन्या घरात राजांगणाइतकी, म्हणजे घरामधल्या उघड्या चौकाइतकी, चांगली जागा दुसरी नाही. वरून सारखा, मऊ उजेड येतो. मुलीला नेवऱ्या (करंज्या) भरायला तिथं कडेला बसवा आणि तुम्हीही जमिनीवर बसा, नाहीतर व्हिडिओभर तिचा भांगच दिसेल. ती खिडकीसमोर असेल आणि काळी दिसत असेल तर स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. मखराच्या दिव्यांनी चित्रावर पट्टे सरकतात, ते फोन बिघडल्यामुळे नव्हे. आपली वीज ५० हर्ट्झची आणि फोन सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणून ते होतं. सेटिंगमध्ये २५ मिळत असेल तर तेवढे दिवस ते ठेवा.

फोन आडवा धरा. सुरू केलं की मनात दहा मोजेपर्यंत हलवू नका, मग बंद. असे वीस तुकडे जोडलेत तर तीनचार मिनिटं होतात, आणि तेवढं लोक आवडीने बघतात.

किरकोळ : एसी गाडीतून उतरलात की दमट हवेने लेन्सवर वाफ धरते, पाच मिनिटं थांबा. व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र पार धुरकट होतं. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा.

आणि एकदा फोन मुलीच्या हातात द्या. तुम्ही स्वतः एरवी कुठल्याच व्हिडिओत नसता. माझ्या मुलाने काढलेल्यात मुख्यतः आमचे पाय आहेत आणि पाटाजवळ घुटमळणारं मांजर. आमच्याकडे टीव्हीवर सगळ्यात जास्त वेळा तोच लागतो.