सगळ्या प्लगना मिळून एकच एमसीबी आहे आणि तो सारखा पडतो, मोठा एमसीबी टाकावा का?

32 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) टाकू देऊ नका, एवढं आधी सांगून ठेवतो, बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय की हॉल, किचन आणि बाथरूमचा गीझर सगळं एकाच 16 च्या एमसीबीवर आहे, सकाळी गीझर चालू असताना इंडक्शन लावलं की कधी खटका पडतो कधी पडत नाही, आणि वायरमन म्हणतोय 32 चा टाकतो, पाच मिनिटांचं काम. तर हे कधी पडतो कधी नाही याचं कारण सोपं आहे. 2000 वॅटचा गीझर म्हणजे 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास, इंडक्शन फुल ठेवलं तर तेवढंच, झाले साडेसतरा, त्यात 750 वॅटचा मिक्सर आला की वीसच्या वर. आता 16 चा एमसीबी 16 ला लगेच पडत नाही. साधारण 18 पर्यंत तो तासभर तरी पडू नये आणि 23 च्या थोडं वर गेलं की तासाभरात पडलाच पाहिजे, असा त्याचा हिशोब असतो. मधल्या पट्ट्यात त्याची मर्जी. म्हणजे तुमचा एमसीबी खराब नाहीये, बिचारा त्याचं काम करतोय.

हाच हिशोब 32 ला लावा, 46 पर्यंत करंट गेला तरी तो तासभर वेळ घेऊ शकतो, आणि भिंतीतली तार तेवढ्या वेळात काय होईल? एमसीबी मिक्सरला किंवा गीझरला वाचवायला नसतो हो, तारेला वाचवायला असतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमचा डोंबिवलीचा फ्लॅट 1994 च्या बिल्डिंगमधला, रिसेलने घेतलेला. आधीच्या मालकाने कधीतरी 32 चा बसवून घेतला होता त्यामुळे काहीच पडायचं नाही आणि आम्ही खूश. एकदा फ्रीजमागचा प्लग सैल झाला म्हणून बोर्ड उघडला तर आतली लाल तार तपकिरी झालेली, बोट लावलं तर वरचं प्लास्टिक टोस्टच्या चुऱ्यासारखं गळून हातात आलं. तार निघाली 3/22 ची, म्हणजे आजच्या दीड एमएमपेक्षाही (चौरस मिलिमीटर, तारेची जाडी यात मोजतात) बारीक. त्या रात्री मी गीझर लावलाच नाही.

तर करायचं काय, सर्किट तोडून वेगळी करायची. पहिलं काम तुम्ही स्वतः करू शकता, पैसे लागत नाहीत. तो एमसीबी खाली पाडा आणि मोबाईलचा चार्जर घेऊन घरभर फिरा, कुठला प्लग मेला, कुठला जिवंत आहे ते कागदावर मांडा. आमच्याकडे या फेरीत कळलं की बाल्कनीतला प्लग किचनवरून आलाय!

जुन्या घरात बहुतेक लूपिंग असतं, डीबीतून (सगळे एमसीबी बसवलेली पेटी) एक तार पहिल्या बोर्डात, तिथून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. वायरमनने मधे योग्य जागी हे लूप तोडायचं आणि पुढच्या भागाला डीबीतून नवीन तार आणायची. गीझरला स्वतंत्र 4 एमएम, किचनच्या ओट्यावरच्या दोन पॉवर पॉइंटना अडीच एमएम आणि त्यावर 16 चा किंवा फार तर 20 चा एमसीबी, हॉल-बेडरूमचे प्लग वेगळे, आणि जमलं तर फ्रीज एकटा, म्हणजे तुम्ही गावाला गेलात आणि दुसरं काही पडलं तरी फ्रीज चालू राहतो. जुन्या पाइपात नवीन तार शिरत नसेल तर कोंबू देऊ नका, माळ्यावरून केसिंग पट्टी (भिंतीवर लावायची, आतून तार नेणारी प्लास्टिकची पट्टी) मारून घ्या. दिसायला वाईट दिसते हे खरं, आमच्या सौ. अजून टोमणे मारतात, पण टाइल्स फोडायच्या वाचल्या.

आता जिथे सगळे चुकतात ते. फेज, म्हणजे करंट आणणारी तार, वेगळा करतात आणि न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, तसाच ठेवतात. न्यूट्रल पण त्या त्या सर्किटचा वेगळा हवा, डीबीपर्यंत. आमच्याकडे दोन आरसीसीबी (गेलेला आणि परत आलेला करंट सारखा नसला की पडणारा, झटक्यापासून वाचवणारा खटका) बसवले, एक प्लगना, एक लाईट-पंख्यांना, काम संपलं, पैसे दिले, आणि हॉलचा पंखा लावला की धाडकन दोन्ही खाली. दीड दिवस शोधाशोध. शेवटी सापडलं काय तर कोणीतरी पूर्वी पंख्याचा न्यूट्रल शेजारच्या प्लगमधून उचलला होता, जवळ पडतो म्हणून. करंट एका आरसीसीबीतून जाणार आणि परत येणार दुसऱ्यातून, मग ते कसे टिकणार. आणि आरसीसीबी नसता तर हे कधीच कळलं नसतं, उलट प्लगचा एमसीबी बंद आहे म्हणून कोणी तो न्यूट्रल सोडवला असता आणि पंखा चालू असता तर सरळ झटका. अर्थिंग मात्र तोडायचं नाही, ते सगळ्या प्लगना सलग पाहिजे.

आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा घ्या. डीबी मोठा लागेल, तेव्हा एमसीबीची दोन घरं रिकामी राहतील असाच घ्या, पुढे एसी येतोच.

एक राहिलं, बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा. सर्किट वेगळी केल्याने घराचा एकूण भार वाढवून मिळत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. आणि काम लायसन्सवाल्याकडूनच, मीटरवरून मेन बंद करून. जो वायरमन तारेची जाडी न बघता 32 चा टाकतो म्हणाला त्याला चहा पाजा आणि दुसरा शोधा.