पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या लेथसोबतच्या पुल्या कशा ओळखायच्या?

लेथ जागेवर आहे, वरचा काउंटर शाफ्ट (लेथला फिरवणारा मधला दांडा) उतरवलेला आहे आणि बिडाच्या पुल्यांचा ढीग पडलाय. त्यातलं काय भंगारात द्यावं, असं तुम्ही विचारलंय. सगळ्या पुल्या ओळखेपर्यंत काहीच देऊ नका. ओतीव उठावदार आकड्यांवरही विसंबू नका. ते बहुधा साच्याचे नंबर असतात, मापं नव्हे. पट्टा बसतो तो पृष्ठभाग आणि मधलं भोक, या दोन जागा बघा.

पृष्ठभागावर स्टीलची पट्टी आडवी धरा. ती मध्ये टेकली आणि कडांना उजेड दिसला, तर पुलीला फुगवटा आहे. चपटा पट्टा मोठ्या व्यासाकडे चढतो, म्हणून फुगवट्यामुळे तो मधोमध राहतो. पट्टी पूर्ण टेकली आणि पुली इतरांच्या जवळपास दुप्पट रुंद असली, तर ती बहुतेक लाइन शाफ्टवरची, म्हणजे मशीनना फिरवणाऱ्या मुख्य दांड्यावरची. तिच्यावर पट्टा इकडून तिकडे सरकवायचा असतो, तिथे फुगवटा आड येतो.

सारख्या रुंदीच्या दोन पुल्या सापडल्या तर भोकं तपासा. एकीत चावीची (पुली शाफ्टला अडकवणाऱ्या पाचरेची) खाच असेल किंवा बॉसवर, म्हणजे भोकाभोवतीच्या जाड भागावर, ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) असेल. ती फास्ट पुली, शाफ्टला धरून त्याला फिरवणारी. दुसरीत खाच नाही, बहुधा गनमेटलचा बुश (ब्राँझसारख्या धातूची आतली नळी) आणि तेलाचं भोक आहे. ती लूज पुली, लेथ थांबवायला पट्टा हिच्यावर सरकवतात. शाफ्टवर सैल फिरते म्हणून हीच ‘खराब’ समजून फेकली जाते आणि मग लेथ बंद करायची सोयच जाते. तिचा व्यास किंचित कमी असला तर ती झीज समजू नका. लेथ थांबलेला असताना पट्ट्यावरचा ताण उतरावा म्हणून ती तशी केलेली असते. बुश मात्र कोरडा ठेवू नका. तो धरला की पट्टा लूजवर असूनही शाफ्ट ओढला जातो आणि थांबलेला लेथ अचानक फिरू लागतो. यात बोटं जातात.

पायऱ्यांच्या कोन पुलीचा (वेग बदलायला पायरीगणिक वेगळा व्यास असलेल्या पुलीचा) जोडीदार मापाने सापडतो. स्पिंडलवर (काम धरून फिरवणाऱ्या लेथच्या दांड्यावर) ८, ६, ४ इंच असतील तर काउंटर शाफ्टवर ४, ६, ८ हवेत. समोरासमोरच्या व्यासांची बेरीज तिन्ही पायऱ्यांवर जवळपास सारखी आली पाहिजे. एखाद्या पायरीवर अर्ध्या इंचाचा फरक पडला, तर ती पुली दुसऱ्या मशीनची. स्पिंडलवरची कोन सैल फिरते म्हणून घाबरू नका. बॅक गिअर (वेग कमी करणारी गिअरची जोडणी) असलेल्या लेथमध्ये ती तशीच असते, बुल गिअरची (स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरची) पिन बसवली की स्पिंडलला धरते.

ढिगात १२७ दात्यांचं गिअर दिसलं तर जपून ठेवा. इंची लीडस्क्रूवर (आटे पाडताना हत्यार सरकवणाऱ्या लांब स्क्रूवर) मिलिमीटरचे आटे पाडायला ते लागतं.

पुली काढताना रिमवर हातोडा मारू नका, बिडाचा आरा तडकतो. रॉकेल मुरू द्या आणि डोक्याची चावी असेल तर डोकं व बॉस यांच्यात पाचर ठोकून ती बाहेर ओढा. मग पुली दोरीला टांगून लाकडाने हलकेच वाजवा. स्वच्छ नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आऱ्याच्या मुळाशी चीर शोधा.