टेराहर्ट्झ प्रतिमांचे काम करायचे, तर पदार्थविज्ञान सोडावे का?

सप्रेम नमस्कार.

पदार्थविज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना, डीप लर्निंगने (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय नेटवर्कने) अस्पष्ट टेराहर्ट्झ प्रतिमा सुस्पष्ट करण्याच्या क्षेत्रात यायचे तर पुढे संगणकशास्त्राकडे वळावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते वळू नये. प्रोग्रॅमिंग मात्र आजपासूनच शिकायला घ्यावे.

कागद, कापड, प्लास्टिक यांच्या आरपार जाणाऱ्या टेराहर्ट्झ लहरींची तरंगलांबी १ टेराहर्ट्झला सुमारे ०.३ मिलिमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या शेकडो पट असते. त्यामुळे भिंग कितीही उत्तम असले, तरी त्याहून फार बारीक तपशील विवर्तनामुळे (लहरी पसरल्यामुळे) एकमेकांत मिसळतात. शिवाय एकाच मापनात कमी वारंवारतेची प्रतिमा पुसट दिसते, तर जास्त वारंवारतेची रेखीव असूनही नॉइजने, म्हणजे मापनातल्या अनियमित गोंगाटाने, भरलेली असते.

नेटवर्क शिकते ते स्पष्ट आणि अस्पष्ट प्रतिमांच्या जोड्यांवरून. वस्तू बिंदूबिंदूने स्कॅन करणे वेळखाऊ असल्याने अशा खऱ्या जोड्या थोड्याच मिळतात, आणि म्हणून स्पष्ट चित्रावर शलाकेच्या (वस्तूवर पडणाऱ्या लहरींच्या झोताच्या) आकाराचा धूसरपणा व नॉइज चढवून त्या बहुधा संगणकावर तयार केल्या जातात. हा आकार चुकीचा धरला, तर सरावात उत्तम गुण मिळवणारे नेटवर्क खऱ्या नमुन्यावर फसते. वाईट म्हणजे, प्लास्टिकच्या जोडात एकच भेग असताना तिथे दोन रेखीव भेगा काढून दाखवते. चित्र सुबक दिसते, म्हणून शंकाही येत नाही. ती शंका घेता येणे, हीच तुमच्या पदवीची किंमत आहे. ('एआय' हा शब्द ऐकून घाईने विषय बदलणाऱ्यांना हे सहसा कोणी सांगत नाही.)

सुट्टीत एक प्रयोग करा. काही स्पष्ट चित्रे गाऊसियन पद्धतीने (घंटेच्या आकाराच्या वक्रानुसार) धूसर करून त्यांत नॉइज मिसळा. ती आधी रिचर्डसन-लुसी या धूसरपणा काढण्याच्या १९७०च्या दशकातील पद्धतीने आणि मग २०१५ साली मांडल्या गेलेल्या यू-नेट या नेटवर्कने सुधारून पाहा. त्यानंतर नेटवर्क पुन्हा न शिकवता केवळ धूसरपणाची रुंदी पायरीपायरीने वाढवत न्या, आणि चूक कुठून झपाट्याने वाढू लागते याचा आलेख काढा. पदव्युत्तर प्रकल्पासाठी एखाद्या प्रयोगशाळेला पत्र लिहाल, तेव्हा प्रमाणपत्रांआधी हा आलेख जोडा.